गर्दीत लेकरू बिथरतं तेव्हा : शिक्षक आणि पालकांसाठी



आजचा विषय कोणत्याच इयत्तेच्या पाठ्यपुस्तकात नाही. पण प्रभातफेरी, सहल, स्नेहसंमेलन, यात्रा, आठवडी बाजार, लग्नाची वरात अशा ठिकाणी तो आपल्याला हमखास भेटतो. चांगलं हसतं-खेळतं लेकरू गर्दीत शिरलं की एकाएकी कानावर हात ठेवतं, रडतं, जमिनीवर बसतं, कुणाला ओरबाडतं किंवा गर्दीतून पळत सुटतं. आपण म्हणतो, "लाडावलंय", "नाटक करायलंय", "भित्रं आहे". मी स्वतः हे तिन्ही शब्द वापरले आहेत. म्हणून सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो.

एक प्रसंग

एप्रिल २०२२ मध्ये आपल्या उदगीरला ९५ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. २२ ते २४ एप्रिल असे तीन दिवस. संमेलनाध्यक्ष होते भारत सासणे. उदगीरच्या माणसाला त्या दिवसांत केवढा अभिमान वाटत होता हे सांगायला नको. ग्रंथदिंडीत मुलं न्यायची म्हणून आम्ही आठ दिवस तयारी केली होती. कुणी संत झालं होतं, कुणाच्या हातात लेझीम, कुणाच्या डोक्यावर ग्रंथ.

माझ्या चौथीच्या वर्गातला एक मुलगा त्यात होता. वाचनात पहिला. प्रकट वाचन घेतलं तर सगळा वर्ग शांत होऊन ऐकायचा. म्हणून मीच त्याला पुढच्या रांगेत उभं केलं. आधी कोरोनाची दोन वर्षं ही मुलं घरात होती, एवढी माणसं त्यांनी एका जागी पाहिली नव्हती, ही गोष्ट माझ्या डोक्यातही आली नाही.

ढोल-ताशे, भोंगे, घोषणा, एप्रिलचं ऊन, चहूबाजूंनी माणसं. तासाभराने त्यानं कानावर हात ठेवले. मी खुणेनं हात काढायला लावले, कारण फोटो काढणं चालू होतं. थोड्या वेळानं तो चालायचाच थांबला. मग रस्त्यात मटकन खाली बसला. मी दंडाला धरून उठवू लागलो. "ऊठ! सगळे बघायलेत. चौथीत आहेस ना तू? काय होतंय सांग. बोल ना!" त्यानं माझ्या हाताचा चावा घेतला. आणि मी त्याच्या पाठीत धपाटा घातला.

शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार मुलांना शारीरिक शिक्षा करायला आणि मानसिक त्रास द्यायला मनाई आहे. हे मला पाठ होतं. तरी हात उचलला गेला.

रस्त्याकडेला शिलाईचं एक छोटं दुकान होतं. तिथल्या मावशी उठून आल्या. त्यांनी त्याला अलगद आत नेलं, कापडाच्या गठ्ठ्यांमागं बसवलं आणि शटर अर्धं खाली ओढलं. मी आत जाऊन पुन्हा विचारायला लागलो तसं त्या म्हणाल्या, "गुर्जी, बोलू नका. तुम्ही जरा गप बसा, त्याला बी गप बसू द्या."

आम्ही गप बसलो. दहा-पंधरा मिनिटांनी त्याचा श्वास खाली बसला. पाणी प्याला. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "सर, आवाज अंगाला टोचतेत."

बी.एड.ला बालमानशास्त्राचा पेपर मी चांगल्या मार्कांनी पास झालो होतो. पण हा धडा मला शिलाईच्या दुकानात मिळाला : लेकरू गर्दीत बिथरलेलं असतं तेव्हा आपलं बोलणं, विचारणं, रागावणं हे त्याच्यासाठी आणखी एक आवाज असतं. त्या क्षणी भर घालायची नसते, कमी करायचं असतं.

या लेखातलं बाकी सगळं या एका वाक्याचंच स्पष्टीकरण आहे.

नेमकं काय घडतं?

आपले कान, डोळे, नाक, जीभ आणि त्वचा सतत मेंदूकडं माहिती पाठवत असतात. शिवाय तोल सांभाळणारी आणि हातपाय कुठं आहेत हे कळवणारी संवेदना असतेच. मेंदू यातलं बहुतेक सगळं बाजूला सारतो. वर्गात पंखा आवाज करतो, बाहेर गाडी जाते, गणवेशाची कॉलर मानेला लागते. तरी आपल्याला फळ्यावरचं गणित दिसतं. ही चाळणी आहे म्हणून आपलं भागतं.

काही मुलांची ही चाळणी वेगळी असते. त्यांच्याकडं सगळंच आत येतं आणि सारख्याच जोरानं येतं. कॅलिफोर्नियातल्या व्यवसायोपचार तज्ज्ञ जीन आयर्स यांनी या विषयावर काम केलं आणि १९७२ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. पुढं स्वमग्नतेच्या, म्हणजे ऑटिझमच्या निदानाच्या निकषांमध्येही आवाज, उजेड, स्पर्श यांची जास्त किंवा कमी जाणीव हा मुद्दा २०१३ पासून धरला जाऊ लागला.

आपल्याकडचं उदाहरण देतो. पेरणीच्या वेळी चाड्यावर मूठ धरणारं माणूस जाणतं लागतं. बी एका लयीत सुटलं तर नळ्यांतून नीट खाली जातं. ओंजळभर बी एकदम ओतलं की नळ्या तुंबतात. बी चांगलं असतं, पाभरही चांगली असते. प्रमाण चुकलेलं असतं. मग आपण पाभरीला शिव्या देत नाही. थांबतो, नळी मोकळी करतो आणि पुढं जातो. गर्दीत बिथरलेल्या लेकराचं असंच समजा.

एकदा तुंबलं की शरीर त्याला धोका समजतं. अ‍ॅड्रेनालिन वाढतं, छातीत धडधडतं, घाम येतो, हातपाय थरथरतात. श्वास जोरजोरात सुरू झाला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यामुळं बोटांना मुंग्या येतात, गरगरतं. मुलाला वाटतं, आपल्याला काहीतरी भयंकर व्हायलंय. या भीतीनं श्वास आणखी वाढतो. हीच घाबरगुंडी, पॅनिक. ती काही मिनिटांत टोकाला जाते आणि बहुतेक वेळा थोड्या वेळात आपोआप ओसरते. हे ओसरणार आहे, एवढं मोठ्या माणसाला ठाऊक असलं तरी अर्धं काम होतं.

हे फक्त स्वमग्न मुलांचं होतं असं नाही. एडीएचडी असलेली मुलं, अर्धशिशीचा त्रास असलेली मुलं, आजारातून उठलेली, उपाशी, न झोपलेली मुलं, आणि इतर सगळ्या बाबतींत सर्वसाधारण असणारी मुलंही बिथरू शकतात. मोठी माणसंही. एस.टी. स्टँडवर सणाच्या दिवशी जीव घाबरा झाला म्हणून गाडी सोडून घरी परत आलेले पालक मला भेटले आहेत. ते कुणाला सांगत नाहीत, एवढंच.

हट्ट आहे की भार झालाय, कसं ओळखायचं?

नेहमी स्पष्ट ओळखता येत नाही. तरी काही खुणा मदत करतात.

१) हट्टाला मागणी असते. फुगा दिला की रडणं थांबतं. भार झालेल्या लेकराला फुगा दिला तरी थांबत नाही.

२) हट्ट करणारं मूल मधूनमधून आपल्याकडं बघतं. बिथरलेलं मूल कुणाकडंच बघत नाही.

३) हट्ट अचानक सुरू होऊ शकतो. भार होण्याआधी सहसा खुणा दिसतात : कानावर हात, डोळे मिटणं, कपडे ओढणं, एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, एकाएकी गप्प होणं किंवा नको तेवढं हसणं.

४) भार उतरल्यावर मूल थकून जातं. बऱ्याचदा झोपी जातं.

माझ्या विद्यार्थ्यानं कानावर हात ठेवले होते तीच पहिली खूण होती. मी ते हात फोटोसाठी काढायला लावले. शंका असेल तेव्हा "भार झालाय" असंच समजून वागा. हट्टी मुलाला दहा मिनिटं शांत जागी बसवलं तर काही बिघडत नाही. बिथरलेल्या मुलाला रागावलं तर बिघडतं.

गर्दीत जाण्याआधी

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाच्या घरी गेलो. माफी मागितली. त्याची आई म्हणाली, "सर, ह्याला लगीनघरात बी असंच होतंय. बँड वाजला की न्हाणीत जाऊन बसतंय. आम्ही कुणाला सांगत नाही, लोक येडं म्हणतेत." म्हणजे जी माहिती मला जून महिन्यातच हवी होती ती एप्रिलमध्ये मिळाली, कारण मी कधी विचारलीच नव्हती. तेव्हापासून पहिल्या पालकसभेत मी एक प्रश्न विचारतो : "तुमच्या लेकराला कोणता आवाज, वास, स्पर्श किंवा जागा सोसत नाही?" चिठ्ठीवर लिहून घ्यायचं, चारचौघांत नाही.

जाण्याआधी एवढं करा :

• आधी सांगा. कुठं जायचंय, तिथं काय वाजेल, किती वेळ थांबायचं, परत कधी यायचं. लहान मुलांना चित्र काढून दाखवा. ठाऊक असलेला आवाज कमी टोचतो.

• बाहेर पडायची जागा आधी ठरवा. एखादं ओळखीचं दुकान, झाडाखालची जागा, शाळेची गाडी. सोबतच्या प्रत्येक शिक्षकाला ती माहीत हवी.

• एक खूण ठरवा. बिथरल्यावर मुलाला बोलता येत नाही. आमच्या वर्गाची खूण आहे सरांचा किंवा बाईंचा हात तीनदा दाबायचा. त्यावर "का?" विचारायचं नाही. सरळ बाहेर यायचं.

• पोट आणि झोप बघा. उपाशी, तहानलेलं लेकरू लवकर बिथरतं. मराठवाड्याच्या उन्हात तर पाण्याची बाटली पहिली.

• कान झाका. कापसाच्या बोळ्यांनी फारसा फरक पडत नाही. कानावर बसणारे इअरमफ मिळाले तर उत्तम. नसतील तर कानावरून घट्ट रुमाल बांधा. त्यानं ऊनही लागत नाही आणि कुणी हसतही नाही.

• खिशात चिठ्ठी ठेवा. पालकांचा आणि शिक्षकांचा मोबाईल नंबर. बिथरलेलं मूल पळतं, म्हणून हे विसरू नका.

गर्दीत बिथरलं तर

१) आपला आवाज बंद. सांगायचंच तर दोन-तीन शब्द, हळू : "मी आहे. बाहेर जाऊ." प्रश्न नकोत.

२) बाजूला न्या. आवाजाच्या उगमापासून लांब, भिंतीच्या आडोशाला, सावलीला. ओढून नाही. त्याच्या आणि गर्दीच्या मध्ये आपण उभं राहायचं.

३) बघ्यांना थांबवा. "काय झालं, काय झालं" म्हणत भोवती येणारी माणसं म्हणजे आणखी गर्दी. सोबतच्या दुसऱ्या शिक्षकानं हे काम घ्यावं. मोबाईलवर चित्रण तर अजिबात करू देऊ नका.

४) विचारल्याशिवाय हात लावू नका. काही मुलांना घट्ट मिठी हवी असते, काहींना हलका स्पर्शही टोचतो. आपलं लेकरू कशातलं आहे हे घरी शांतपणे विचारून ठेवा. रस्त्यावर धावत असेल तर मात्र धरावंच लागेल. जीव आधी.

५) श्वास सोडण्यावर भर द्या. "दीर्घ श्वास घे" म्हटलं की मुलं आणखी जोरात हवा ओढतात. त्यापेक्षा "चहा फुंक" म्हणा. हाताची बशी करून गरम चहा गार करायचा. नाकानं तीन मोजेपर्यंत आत, ओठांचा चंबू करून पाच मोजेपर्यंत बाहेर. आपण करून दाखवायचं, त्यानं केलंच पाहिजे असा आग्रह नको.

६) थोडं सावरल्यावर जमिनीवर आणा. दिसणाऱ्या तीन वस्तू, ऐकू येणारे दोन आवाज, हाताला लागणारी एक गोष्ट. किंवा दोन्ही हातांनी भिंत ढकलायची. आमच्या त्या विद्यार्थ्याला भिंत ढकलणं फार आवडतं.

७) थांबा. पाच मिनिटांत "झालं ना आता, चल" म्हणू नका. परत जायचं की घरी जायचं हे त्याला ठरवू द्या.

आणि सगळं निवल्यावर, शक्यतो दुसऱ्या दिवशी, बोला. "काल काय टोचलं?" एवढाच प्रश्न. त्याच दिवशी उपदेश नको. लाज वाटलेल्या मुलाला उपदेश ऐकू येत नाही.

गर्दीतला खरा धोका वेगळा

एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. वर सांगितलेली घाबरगुंडी त्रास देते, पण ती स्वतः जीव घेत नाही. चेंगराचेंगरी घेते. २५ जानेवारी २००५ रोजी सातारा जिल्ह्यात मांढरदेवीच्या यात्रेत अडीचशेहून जास्त भाविक गेले. २९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर वीसहून जास्त माणसं गेली. म्हणून "गर्दीत काही होत नाही" असं मुलांना खोटं सांगू नका. छातीला छाती लागेल इतकी दाटी होण्याआधीच बाहेर पडायचं. अडकलोच तर लोंढ्याच्या उलट ढकलायचं नाही, हात छातीसमोर घेऊन श्वासाला जागा ठेवायची आणि तिरकं तिरकं कडेला सरकायचं. लहान मूल उचलून घ्यायचं. पडलेली चप्पल घ्यायला वाकायचं नाही. खऱ्या धोक्यात काय करायचं हे मुलाला ठाऊक असलं की खोट्या धोक्याची भीतीही कमी होते.

मग गर्दीत न्यायचंच नाही का?

बरेच पालक हाच मार्ग धरतात. लग्नाला नेत नाहीत, यात्रेला नेत नाहीत, सहलीला नाव देत नाहीत. त्यानं आजचा त्रास टळतो, पण उद्याची भीती वाढते. दुसरे पालक उलटं करतात, "सवय होईल" म्हणून थेट डीजेसमोर नेऊन उभं करतात. दोन्ही टोकं नकोत. पायरी-पायरीनं न्या.

आम्ही त्या मुलासाठी पायऱ्या लिहून काढल्या. पहिली : आठवडी बाजारात सकाळी लवकर जायचं, विक्रेते पाल टाकत असतात तेव्हा. दहा मिनिटं. दुसरी : थोडी माणसं असताना एक वस्तू विकत घ्यायची. तिसरी : एस.टी. स्टँडवर एका बाकावर बसून गाड्यांचे बोर्ड वाचायचे. वाचन त्याच्या आवडीचं. एक पायरी तीन-चार वेळा सहज जमली तरच पुढची. बिथरला तर एक पायरी खाली. त्यात कमीपणा नाही. हाळी-हंडरगुळीचा जनावरांचा बाजार किंवा नांदेड जिल्ह्यातली माळेगावची यात्रा या फार वरच्या पायऱ्या आहेत. तिथं पोचायलाच हवं असंही नाही.

शाळेनं काय करावं?

• प्रभातफेरीत आणि मिरवणुकीत अशा मुलाला बँडपासून लांब, रांगेच्या कडेला ठेवा. पुढं उभं करणं हा प्रत्येकासाठी सन्मान नसतो.

• स्नेहसंमेलनात स्पीकरसमोर लहान मुलं बसवू नका. एक वर्गखोली शांत खोली म्हणून उघडी ठेवा. त्याला खर्च शून्य.

• ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार शाळेभोवती १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. तिथं दिवसा ५० डेसिबलची मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ भोंग्यांना सर्वसाधारणपणे बंदी आहे. मुख्याध्यापकांनी आणि शाळा व्यवस्थापन समितीनं हे माहीत करून घ्यावं.

• वर्गमित्रांना सांगा. नाव न घेता, परिसर अभ्यासाच्या तासाला ज्ञानेंद्रियं शिकवताना विचारा, "तुम्हाला कोणता आवाज सोसत नाही?" फळ्यावर खडू करकरणं, कुकरची शिट्टी, फटाके, वर्गातला प्रत्येक जण काहीतरी सांगतो. मग कुणीच वेगळं उरत नाही.

तज्ज्ञांकडे कधी?

गर्दी नसतानाही असं होत असेल, जेवण-झोप-शाळा यावर परिणाम होत असेल, बोलणं किंवा मिसळणं मागं पडलं असेल, तर वाट बघू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं तेव्हा त्यांना स्पष्ट सांगा. समग्र शिक्षा अंतर्गत तालुक्याला विशेष शिक्षक असतात, त्यांची मदत घ्या. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत स्वमग्नतेचा समावेश आहे. निदान झालं तर मुलाला हक्क मिळतात, शिक्का बसत नाही. मानसिक त्रासासाठी टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आणि २४ तास चालू असतो, मोठ्यांसाठीसुद्धा. आणि मूल बेशुद्ध पडलं, ओठ निळे पडले, छातीत दुखतं म्हणालं किंवा दमा असेल तर ती घाबरगुंडी समजून बसू नका, ताबडतोब डॉक्टरांकडं न्या.

शेवटी

तो मुलगा पुढं वरच्या वर्गात गेला. एका २६ जानेवारीच्या प्रभातफेरीत तो सगळ्यात मागं, माझ्या बाजूनं चालत होता. चौकात बँड जोरात वाजू लागला तसा त्यानं माझा हात दाबला. एकदा, दोनदा, तीनदा. आम्ही बाजूच्या गल्लीत गेलो. मी काही बोललो नाही. तो भिंत ढकलत उभा राहिला. दहा मिनिटांनी म्हणाला, "चला सर, झेंडावंदन राहील."

बँड तेवढाच जोरात वाजत होता. त्याला बाहेर पडायची वाट ठाऊक होती, म्हणून परत आत यायचं धाडस झालं.

तेव्हा येत्या सहलीची किंवा कार्यक्रमाची यादी करताना बस, डबे, प्रथमोपचार पेटी यांच्याखाली एक ओळ वाढवा : "शांत जागा कुठं?" आणि पालकहो, तुमच्या लेकराला काय सोसत नाही ते शाळेत येऊन सांगा. आम्ही विचारायला विसरलो असू, तरी सांगा.